गळ्याचे माप

कार्ब्युरेटर जितके मोठे, तितकी मोटरसायकल जोरात, असा समज पुष्कळांचा असतो. इतिहास मात्र निराळेच सांगतो, आणि तो मला एखाद्या कादंबरीइतका रंजक वाटतो.

नदी खडकांच्या चिंचोळ्या वाटेत शिरली की तिचा वेग वाढतो. अशा अरुंद गळ्यात प्रवाहाचा दाब उतरतो, हे इटलीच्या व्हेंचुरीने १७९७ साली मांडले. १८९३ साली जर्मनीत मायबाखने पेट्रोलचा फवारा उडवणारे कार्ब्युरेटर केले, ते याच तत्त्वावर. गळा फार रुंद ठेवला, तर इंजिन सावकाश फिरत असताना हवा मंदावते, पेट्रोल नीट ओढले जात नाही आणि गाडी आचके देते. फार अरुंद ठेवला, तर वेग वाढताच इंजिनाचा श्वास कोंडतो.

टू-स्ट्रोक इंजिनात आणखी एक पेच आहे. १८९२ साली इंग्लंडात जोसेफ डे यांच्याकडील कारागीर फ्रेडरिक कॉक याने दट्ट्यालाच दारवान नेमले. दट्ट्या वर गेला की हवेचे दार उघडते, खाली आला की मिटते. युक्ती सुटसुटीत; पण असे दार जितके आधी उघडावे, तितकेच उशिरा मिटते. मग इंजिन सावकाश फिरताना आत आलेले मिश्रण उलट बाहेर फेकले जाते. अशा दारापुढे नुसता मोठा गळा बसवून काय उपयोग?

पूर्व जर्मनीत त्शोपाऊ गावी एमझेडच्या वाल्टर काडेन यांनी शर्यतीच्या इंजिनांत फिरत्या चकतीचे दार वापरले. चकतीची खाच कापाल तसे दार उघडे आणि मिटे. दोन्ही वेळा स्वतंत्रपणे ठरवता येत. आता रुंद वाटेला रुंद गळा शोभू लागला. त्याला धुराच्या नळीच्या नेमक्या आकाराची जोड मिळाली, आणि १९६१ साली १२५ सीसीचे इंजिन सुमारे २५ अश्वशक्ती देऊ लागले.

त्याच वर्षी ऑगस्टात बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरात स्वीडनमधल्या शर्यतीनंतर काडेन यांचा स्वार अर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे निसटला. त्याची बायकामुले मोटारीच्या डिकीत लपून सीमेपार गेली. पुढे तो जपानच्या सुझुकीला मिळाला आणि १९६२ साली त्यांच्यासाठी ५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद त्याने जिंकले.

काडेन मात्र मागेच राहिले. ज्या मापांसाठी त्यांनी वर्षे घालवली, ती एका माणसाच्या डोक्यात बसून सीमा ओलांडून गेली. विद्येला कुंपण घालता येत नाही, हे खरेच. पण तिच्या धन्याला मात्र घालता येते.