चंद्रोदय कुणाच्या घड्याळाने?

संकष्टीच्या रात्री आमच्या नवीन जालन्यातल्या घरात एक ठरलेला प्रसंग घडायचा. आई दूर्वा-फुले काढून ठेवायची, नैवेद्याचे ताट झाकून ठेवायची आणि मला विचारायची, "बघ रे, चंद्रोदय किती वाजता आहे?" मी भिंतीवरचे कॅलेंडर पाहून वेळ सांगायचो. मग सगळे घड्याळाकडे डोळे लावून बसायचे. एकदा मी पाच मिनिटे आधीच गच्चीवर गेलो, तर चंद्र वर आलेला! धावत खाली येऊन सांगितले. वडील म्हणाले, "अजून वेळ आहे." आई मात्र ताट घेऊन उठली. "तो वर आलाय ना, मग झालं तर," म्हणाली.

खरे कोण? पुष्कळ वर्षांनी उलगडा झाला. मी वाचत होतो ती वेळ मुंबईची होती. जालना मुंबईच्या पूर्वेला सुमारे तीन रेखांश आहे. एका रेखांशाला चार मिनिटे, म्हणजे आपल्याकडे चंद्र मुंबईपेक्षा साधारण बारा मिनिटे आधी उगवतो. चूक कॅलेंडरची नव्हती, वाचणाऱ्याची होती.

आमच्या घरातला हा वाद बारा मिनिटांचा होता. महाराष्ट्रात मात्र हाच वाद, पंचांग खरे की आकाश खरे, काही पिढ्या चालला.

कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442, म्हणजे इसवी सन 1520 मध्ये 'ग्रहलाघव' रचला. गणित इतके सोपे केले की गावोगावचे जोशी त्यावरून पंचांग करू लागले. गणेश दैवज्ञ आणि त्यांचे वडील केशव हे दोघेही आकाश पाहणारे होते. जुन्या ग्रंथांतले जे अंक प्रत्यक्षाशी जुळले, ते त्यांनी घेतले. पुढच्या लोकांनी मात्र ग्रंथ घेतला आणि आकाश पाहण्याची सवय सोडली. तीनशे वर्षांत बारीक चुका साठत गेल्या.

पुण्याचे प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 मध्ये ग्रहसाधनाची नवी कोष्टके प्रसिद्ध केली आणि 1865 पासून नव्या गणिताचे पंचांग काढले. आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळामुळे ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. विरोध होणारच होता. जुन्या पक्षाचे सूत्र होते 'बाणवृद्धी रसक्षय'. बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा. तिथी साठ घटकांची धरली, तर ती वाढून पासष्टपर्यंत जाईल, घटून चोपन्नपर्यंत येईल, त्यापलीकडे नाही. नवे गणित सांगत होते की तिथी कधी पन्नास घटकांपर्यंतही उतरते. चंद्र तर सूत्र वाचून चालत नाही.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असेल त्या दिवशी संकष्टी, असा नियम. तिथीची वेळ दोन-तीन तासांनी सरकली की व्रताचा दिवसच बदलतो. एका घरात उपवास, शेजारी जेवण! कोणत्या दिवशी उपाशी राहायचे, हा प्रश्न घराघरातल्या बायकांचा होता.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात हा सारा इतिहास नीट मांडला. 1904 मध्ये मुंबईला ज्योतिष संमेलन भरले. लोकमान्य टिळकांचे वजन 'दृक्प्रत्यय' पक्षाकडे होते. डोळ्यांना दिसेल ते गणितात यावे, एवढाच त्याचा अर्थ. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये डॉ. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिच्यात नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर होते. 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. आज मराठी घरांत येणारी बहुतेक पंचांगे शुद्ध गणिताची असतात.

आपल्या जालन्यात मात्र आकाश पाहण्याची सवय पूर्ण मोडली नव्हती. 1948 पर्यंत आपण निजामाच्या संस्थानात होतो. कचेरीत हिजरी आणि फसली, घरात शालिवाहन शक, अशी कालगणनांची सरमिसळ होती. कादराबाद म्हणजे आजचे नवीन जालना. तिथे रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी लोक गच्च्यांवर जमून पश्चिमेला चंद्रकोर शोधत. दिसली तर उद्या ईद, नाही तर महिना तीसचा. आमची आई वद्य चतुर्थीला पूर्वेला पाहायची, शेजारच्या चाची महिनाअखेर पश्चिमेला. चंद्र एकच.

आपणही एक महिना हे करून पाहावे. वही-पेन्सिल पुरे. शुद्ध द्वितीयेला सूर्यास्तानंतर पश्चिमेला बारीक कोर दिसेल आणि लवकर मावळेल. शुद्ध अष्टमीला चंद्र दिवेलागणीला डोक्यावर असेल, मध्यरात्रीच्या सुमारास मावळेल. पौर्णिमेला सूर्य मावळता मावळता उगवेल. वद्य चतुर्थीला रात्री नऊच्या आगेमागे, वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास. चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटांनी लांबतो, पण कधी चाळीस, कधी जवळजवळ तासभर. कारण चंद्राचा मार्ग क्षितिजाशी कमीजास्त तिरपा असतो आणि त्याचा वेगही सारखा नसतो. वद्य अष्टमीच्या आसपास एक तारीख अशी येईल की त्या तारखेला चंद्रोदयच नाही! आदल्या रात्री बाराच्या आधी तो उगवलेला असतो आणि पुढची वेळ बारा ओलांडून जाते. छापखान्याने रकाना कोरा सोडला, असे समजू नका.

अंगारकीला आपल्याकडची कितीतरी माणसे जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जातात. पुढच्या वेळी चालताना चंद्राकडे जरा निरखून पाहा आणि वेळ टिपून ठेवा. छत्रे, दीक्षित, टिळक यांनी एवढी खटपट केली ती पंचांग मोडण्यासाठी नव्हे. पंचांग आणि आकाश यांची गाठ पुन्हा पडावी म्हणून. आमच्या आईने यांतले एकही पुस्तक वाचले नव्हते. पण निकाल तिने बरोबर दिला होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)