महाद्वाराबाहेरचा चोखामेळा

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात शिरताना महाद्वारापाशी दोन समाध्या लागतात. पहिल्या पायरीशी नामदेव, आणि तिच्यासमोर दाराबाहेर चोखामेळा. वारकरी दोघांना नमस्कार करून आत जातो. देवाच्या आधी भक्ताचे दर्शन, असा या प्रथेचा अर्थ सांगितला जातो. परंतु या दोन समाध्यांचा इतिहास एक नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

नामदेव शिंपी. संतांची पायधूळ लागावी म्हणून त्यांनी पायरीची जागा मागून घेतली, असे परंपरा सांगते. आत जाण्याचा अधिकार असलेल्या माणसाची ती नम्रता होती. चोखोबा महार. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून १३३८ साली ते मेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. नामदेवांचे प्रेम खरे होते. पण जिवंतपणी चोखोबांना जी हद्द होती, ती मरणानंतरही हटली नाही.

पुढे सहाशे वर्षे चोखोबांचे अभंग कीर्तनात गाइले गेले आणि त्यांचे जातभाई कळसाला हात जोडून परतत राहिले. संत मान्य, त्याची जात अमान्य, अशी ही सोय होती. यात्रेत अस्पृश्यांना निवारा मिळेना, म्हणून गाडगेबाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. १९४९ साली त्यांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

मंदिराचे दार उघडण्यासाठी मे १९४७ मध्ये साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावे लागले. मात्र आत गाभाऱ्यातील वंशपरंपरागत हक्क बडवे-उत्पातांकडेच राहिले. ते रद्द करणारा कायदा १९७३ साली झाला. त्यावरील न्यायालयीन वाद सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१४ मध्ये संपला. दर्शनाचा हक्क मिळाल्यापासून पूजेची मिरासदारी संपेपर्यंत ६७ वर्षे गेली.

बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मूळ शोधावरील आपला १९४८ चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. चोखोबांचा आदर त्यांनी राखला. परंतु समाजासाठी मार्ग निवडला तो १९५६ च्या धम्मदीक्षेचा. या दोहोंत विसंगती नाही. माणसाचा गौरव करावा आणि त्याला बाहेर ठेवणारी व्यवस्था नाकारावी, हाच त्याचा अर्थ. म्हणून चोखोबांची भक्ती वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाने त्यांची समाधी दाराबाहेर का आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.