मोरगावची राख

मोरगावला येणारे बहुतेक जण मयूरेश्वराचे दर्शन घेऊन परततात. कऱ्हेकाठच्या दरडीकडे कोणी फारसे पाहत नाही. बारामती तालुक्यातील या दरडीत प्राचीन हवामानाची एक नोंद आहे, आणि ती नेमकी कोणत्या काळाची यावर शास्त्रज्ञांचा वाद झाला आहे.

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. म्हणजे देशभरातील पावसाच्या पद्धतशीर नोंदी जेमतेम दीडशे वर्षांच्या. बारामती-इंदापूर हे अवर्षणप्रवण तालुके. इथे पूर्वी याहून कमी पाऊस होता की जास्त, हे पर्जन्यमापक सांगू शकत नाही. त्यासाठी झाडांची वर्तुळे, तळ्यांचा गाळ, सागरतळावरील सूक्ष्म कवचे अशा निसर्गाच्या वह्या उघडाव्या लागतात. आपल्याकडची वही म्हणजे नद्यांचे काठ. कऱ्हा नीरेला मिळते, नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंगपूरला भीमेला मिळते. या खोऱ्यात जागोजागी जुन्या गाळाच्या उंच दरडी उभ्या आहेत.

दरडीत पांढरट चुनखडीच्या गाठी दिसतात. पाऊस भरपूर असेल तर मातीतला चुना विरघळून वाहून जातो. बेताचा असेल तर तो तिथेच साकळतो. म्हणजे गाठी सांगतात, हवा कोरडी होती. गाळाचे थर वाचणे मात्र इतके सरळ नाही. पाऊस जास्त तर गाळ जास्त, असे आपल्याला वाटते. विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी १९८७ साली ‘नेचर’मध्ये उलट चित्र मांडले. सुमारे १७ ते १० हजार वर्षांपूर्वी मोसमी पाऊस दुबळा होता, तेव्हा नद्यांना गाळ वाहून नेता येईना आणि पात्रे भरत गेली; पुढे पाऊस वाढला तेव्हा नद्यांनी तोच गाळ कापून काढला. हे काळ ठरवायला रेडिओकार्बन पद्धत उपयोगी पडते, पण तिची धाव सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच. त्याहून जुन्या थरांचे काय?

इथे राख मदतीला आली. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरीला ज्वालामुखीय राखेचा थर आणि अश्मयुगीन हत्यारे आधीच सापडली होती. १९९३ साली मोरगावच्या राखेचाही शोध प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकाखाली ही राख म्हणजे काचेच्या पातळ, वाकड्या कपच्या. त्यांत सिलिका भरपूर. आपल्या काळ्या बेसॉल्टशी त्यांचे नाते नाही. त्यांची रासायनिक घडण जुळते ती सुमारे ३,००० किलोमीटरवरच्या, सुमात्रातील टोबा ज्वालामुखीशी. टोबाचा सर्वांत मोठा स्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला. मग प्रश्न सुटलाच की!

तो सुटला नाही. बोरीच्या राखेचे वय पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने आधी सुमारे १४ लक्ष वर्षे निघाले होते. १९९५ साली एका गटाने आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने ६ लक्ष ७० हजार सांगितले, तर त्याच वर्षी दुसऱ्या गटाने काचेच्या रसायनावरून ही टोबाची सर्वांत तरुण राख ठरवली. एवढी तफावत कशी पडू शकते? वर्गात करण्यासारखे एक गणित पाहा. नदीने राखेत बेसॉल्टचे कण मिसळले आणि नमुन्यातील पोटॅशियमपैकी फक्त २ टक्के त्या कणांतले असले, तर बेसॉल्टच्या ६.५ कोटी वर्षांचे २ टक्के, म्हणजे १३ लक्ष वर्षे, वयात फुकट मिळतात! बोरीला असेच घडले असे मी म्हणत नाही. पण राख नदीच्या गाळात आहे हे विसरून चालणार नाही.

पुढे सतीश सांगोडे, शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय पुरावा तपासला. गाळातील लोहयुक्त कण साचताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात मोरगावच्या गाळात ती उलटी आढळली. असे दीर्घ उलटे क्षेत्र सुमारे ७ लक्ष ८० हजार वर्षांपूर्वी संपले. टोबाचा एक जुना स्फोटही साधारण त्याच सुमाराचा आहे, आणि त्याची काच तरुण राखेसारखीच दिसते. मला हा चुंबकीय पुरावा वजनदार वाटतो. रसायनशास्त्रज्ञ सहकारी ऐकत नाहीत.

आता दरडीकडे पुन्हा पाहा. राख ७४ हजार वर्षांची असेल, तर आसपासच्या चुनखडीच्या गाठी शेवटच्या हिमयुगाच्या चक्रातला कोरडेपणा सांगतात. ती ८ लक्ष वर्षांची असेल, तर त्याच गाठी कितीतरी आधीच्या हिमयुगाच्या ठरतात, आणि कऱ्हेकाठी हत्यारे घडवणारा माणूसही तितकाच मागे जातो.