देवांचा संप

बँकांचा संप जाहीर झाला की आमच्या तळमजल्यावरचे निवृत्त मामलेदार मला जिन्यात गाठतात. "काय हो बँकवाले, पुन्हा संप? आमच्या वेळी असली थेरं नव्हती." संप ही अलीकडची साथ आहे, असं त्यांचं ठाम मत आहे. गेल्या खेपेला मात्र माझी तयारी होती. मी म्हटलं, "भाऊसाहेब, माणूस जन्माला यायच्या आधीपासून संप आहे. किंबहुना संप झाला म्हणूनच माणूस जन्माला आला." भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

पण मी थट्टा करत नव्हतो. मी पडलो बी. कॉम. माणूस; इतिहासाशी माझा संबंध शाळेतच सुटला. तरीपण ही गोष्ट वाचल्यापासून मी ती भेटेल त्याला सांगत सुटलो आहे. आता तुमची पाळी.

गोष्ट आहे मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराकातली. सृष्टीच्या आरंभी माणूस नव्हता, नुसते देवच होते. त्यांच्यातही आपल्यासारखीच वरची श्रेणी नि खालची श्रेणी. वरच्या तिघांनी चिठ्ठ्या टाकून वाटण्या केल्या. अनूच्या वाट्याला आकाश आलं, एन्लिलला पृथ्वी मिळाली आणि एन्कीकडे पाणी गेलं. खालच्या देवांना म्हणत इगिगी. त्यांच्या वाट्याला फावडं नि पाटी. तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्या त्यांनी खणल्या, कालवे काढले, गाळ उपसला. रात्र नाही, दिवस नाही. रजेची तरतूद कुठे आढळत नाही.

वर्षानुवर्षं हे चाललं आणि एक दिवस इगिगी भडकले. त्यांनी फावडी पेटवली, पाट्या पेटवल्या आणि मध्यरात्री एन्लिलच्या घराला गराडा घातला. संपाच्या इतिहासातला हा पहिला घेराव. साहेब झोपलेले. दारवानानं आधी कडी घातली, मग कारभाऱ्याला उठवलं, कारभाऱ्यानं साहेबांना उठवलं. (वर्दी खालून वर जाण्याचा हा रस्ता आमच्याकडे अजून तसाच आहे.) एन्लिलचा चेहरा पांढराफटक पडला. कारभाऱ्याला सांगावं लागलं, मालक, आपलीच तर पोरं आहेत, भ्यायचं कशाला?

मग बड्या देवांची तातडीची बैठक बसली आणि कारभाऱ्याला बाहेर पाठवलं : विचारून ये, तुमचा म्होरक्या कोण? हा प्रश्न तेव्हाही पहिला होता, आजही पहिला आहे. इगिगींनी एकमुखानं सांगितलं की म्होरक्या-बिरक्या कोणी नाही, आम्ही सगळेच आहोत. आमच्या युनियनच्या सेक्रेटरीला मी हे सांगितलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाणी एन्लिलच्याही डोळ्यांत आलं, पण ते वेगळ्या कारणानं. त्याची सूचना अशी, की एकाला पकडा आणि मारून टाका. मात्र बड्यांपैकीच एकानं कबूल केलं, की यांना दोष कसला द्यायचा, काम खरोखरच जड होतं! साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या लेखी दस्तऐवजात व्यवस्थापनाच्या बाजूनं असं वाक्य सापडतं, हा मला त्या संस्कृतीचा मोठेपणा वाटतो.

तोडगा एन्कीनं काढला. हा एन्की त्यांच्यातला चतुर. तो म्हणाला, हे काम करायला आपण नवीन प्राणी तयार करू. म्हणजे बदली कामगार! माती घेतली, त्यात एका देवाचं रक्तमांस कालवलं. त्यासाठी एका देवाला मारावं लागलं. त्याचं नाव वे. या वे देवाविषयी एवढंच सांगितलं आहे की त्याला बुद्धी होती. काही अभ्यासकांना वाटतं की संपाचा म्होरक्या तोच असावा. तसं असेल तर तुमच्या-माझ्या अंगातली माती कंत्राटी आणि रक्त संपवाल्याचं, असा हिशेब लागतो. पुढे असंही म्हटलं आहे की त्याच्यापायी ढोल कायमचा ऐकू येत राहील. हा ढोल म्हणजे आपल्या छातीतले ठोके, असा अर्थ काही विद्वान लावतात. मला तो पटतो. पटण्यासाठी माझ्याकडे पुरावा काही नाही.

चौदा जन्मदेवींनी सात पुरुष नि सात बायका घडवल्या. कालवे सुरळीत चालू झाले, देवांना बसल्या जागी नैवेद्य मिळू लागला. बाराशे वर्षंही झाली नव्हती तोच माणसं इतकी वाढली आणि इतका कलकलाट करू लागली की एन्लिलची झोप उडाली. या देवाची सगळी दुखणी झोपेशी निगडित आहेत. त्यानं आधी रोगराई पाठवली. तेव्हा अत्राहासिस नावाच्या शहाण्या माणसानं एन्कीला उपाय विचारला. एन्कीनं दिलेला सल्ला आजही कुठल्याही कचेरीत लागू पडेल : बाकीच्या सगळ्या देवांची पूजा थांबवा, ज्याच्या टेबलावर तुमचं प्रकरण आहे, त्या एकट्यालाच नैवेद्य दाखवा. रोगाचा देव त्या भेटीनं ओशाळला आणि त्यानं हात आवरला. पुढे दुष्काळ आला, तेव्हा पावसाच्या देवाला असंच गाठलं. त्यानं वरिष्ठांच्या नकळत पहाटे धुकं आणि रात्री दव सोडलं.

शेवटी एन्लिलनं महापूर काढला आणि सगळ्या देवांकडून शपथ घेतली की माणसांना कोणी सांगायचं नाही. एन्की शपथेत अडकला. पण त्यानं अत्राहासिसच्या वेताच्या झोपडीच्या भिंतीला सांगितलं, की घर मोड, नाव बांध. आपल्याकडे लेकी बोले सुने लागे म्हणतात, तोच प्रकार. सात दिवस, सात रात्री पाऊस कोसळला. नावेतले तेवढे वाचले. ही पुराची गोष्ट तिथून बायबलापर्यंत दिसते. आपल्या शतपथ ब्राह्मणातही मनू, मासा आणि नाव आहेत. त्यांचं या गोष्टीशी नातं आहे की नाही, यावर पंडितांना भांडू द्या.

मला गंमत वाटते ती पुढच्या भागाची. पुरात माणसं बुडाली आणि वर देव उपाशी राहिले. नैवेद्य कोण करणार? घशाला कोरड पडली, ओठ फुटले. जन्मदेवी आपल्या लेकरांसाठी आक्रोश करू लागली. पूर ओसरल्यावर अत्राहासिसनं नैवेद्य दाखवला, तेव्हा देव त्याभोवती माश्यांसारखे गोळा झाले. ही उपमा माझी नव्हे, त्यांचीच आहे. भक्तांनी आपल्या देवांविषयी इतकं मोकळं लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

मग तडजोड झाली. माणूस राहील, पण संख्येला आळा बसेल. कलमं अशी : काही बायका वांझ राहतील, काही जोगिणी होऊन मूल होऊ देणार नाहीत आणि पाशित्तू नावाची एक राक्षसीण आईच्या मांडीवरचं बाळ ओढून नेईल.

गोष्ट वाचताना इथवर मी हसत होतो. माझ्या आजीला नऊ मुलं झाली, जगली पाच. राहिलेल्या चौघांविषयी ती एवढंच म्हणे, सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं. नातवंडांच्या पाचवीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी तीच ठेवायची, आणि रात्रभर जागी असायची. ही कथा ऐकणाऱ्या प्रत्येक घरात अशी एखादी आजी असणार. करारातलं ते कलम तिच्यासाठी घातलेलं आहे. देवांचा संप, मारामारी, पूर, सगळं चऱ्हाट त्या एका प्रश्नाशी येऊन थांबतं : माझंच का नेलं? उत्तर बरोबर नाही, पण प्रश्न कुणीतरी कागदावर घेतला होता.

कागदावर म्हणजे मातीच्या विटांवर. ओल्या मातीवर बोरूनं टोचून लिहायचं. ख्रिस्तपूर्व सतराव्या शतकात, हम्मुराबी राजाचा खापरपणतू अम्मिसदुका राज्यावर असताना, सिप्पर गावच्या इपिक-आया नावाच्या गृहस्थानं ही कथा तीन विटांवर उतरवली. स्वतःचा हुद्दा त्यानं लिहून ठेवला आहे : कनिष्ठ लेखनिक. म्हणजे आमच्याच केडरचा! माणसांचा पहिला नोंदलेला संप इजिप्तमधला, तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, थडगी खोदणाऱ्यांचं धान्य थकलं म्हणून. तो याच्यानंतर जवळजवळ पाचशे वर्षांनी. त्याचीही नोंद अर्थात कारकुनानंच ठेवली.

या विटा फुटल्या. त्यांचे तुकडे लंडन, जिनिव्हा आणि अमेरिकेत विखुरले. कथेच्या उशिराच्या काही प्रती निनेव्हेच्या राजवाड्यात सापडल्या. त्या पहिल्यांदा चाळल्या जॉर्ज स्मिथनं. हाही एका अर्थी आमच्याच धंद्यातला : चौदाव्या वर्षापासून लंडनच्या एका छापखान्यात बँकेच्या नोटांचे ठसे कोरायला शिकत होता. जेवणाच्या सुट्टीत डबा खायचा सोडून तो ब्रिटिश म्युझियममध्ये जाई आणि तिथल्या मातीच्या विटा वाचायला आपला आपण शिके. (आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत जे चालतं, त्याविषयी इथे न बोललेलं बरं.) 1872 साली त्याला गिल्गमेशच्या महाकाव्यातला पूर सापडला. असं म्हणतात की आनंदाच्या भरात तो खोलीतच कपडे काढू लागला. त्याच वर्षी 3 डिसेंबरला त्यानं पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्यासमोर निबंध वाचला. 1876 साली अत्राहासिसचे काही तुकडे त्यानं छापले आणि त्याच वर्षी मोहिमेवरून परतताना सीरियातल्या अलेप्पोला हगवणीनं गेला. वय छत्तीस. त्या तुकड्यांचा क्रम उलटसुलट लागला होता. तो सरळ व्हायला 1956 साल उजाडलं. ते काम लेसो नावाच्या एका डॅनिश पंडितानं केलं.

आता राहिले इपिक-आया. प्रत्येक विटेच्या शेवटी या भल्या माणसानं ओळींची बेरीज मांडली आहे. पहिलीत 416, दुसरीत 439, तिसरीत 390. एकूण 1245. मी काउंटरवर बसल्याबसल्या बेरीज करून पाहिली. टॅली होते.

देवांविषयी त्याला काय वाटत होतं, ते त्यानं कुठंही लिहिलेलं नाही. पण ही एकूण त्यानं टाकली म्हणूनच आज लंडनच्या विद्वानांना समजतं की जमा किती झालं आणि किती ओळींचं येणं अजून बाकी आहे.