मुंबईची माणसं नेमकी कशी? दोन हजार वर्षं जुनी तक्रार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचं नेटवर्क टिटवाळ्याच्या पुढे गेलं की मान टाकतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

सुरुवात एका कबुलीने करतो.

मे महिन्यातली सकाळ. आसनगावहून सुटलेली लोकल. मी दाराजवळची माझी नेहमीची जागा पकडून, कानात इअरफोन घालून उभा होतो. वासिंदला एक मावशी डोक्यावर करवंदांची पाटी घेऊन चढल्या. पाटी माझ्या लॅपटॉपच्या बॅगेला घासली आणि मी वैतागून म्हणालो, "मावशी, लगेजच्या डब्यात जायचं ना! इथे माणसांना उभं राहायला जागा नाही."

त्या म्हणाल्या, "आणि आम्ही कोण?"

मी गप्प. मग त्यांनी विचारलं, "कुठला रे तू?"

"शहापूरचा."

"मंग मुंबईवाला कधीपासून झाला?"

डब्यातले दोघं-तिघं हसले. कल्याणला त्या उतरून गेल्या, पण त्यांचा प्रश्न काही उतरला नाही. आजचा भाग त्या प्रश्नावरच आहे. मुंबईची माणसं उद्धट असतात, घाईत असतात, पण वेळेला धावून येतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. हे म्हणणारे कोण? आणि ते ज्यांच्याबद्दल म्हणतात, ते तरी कोण?

दादरचा हात आणि खानावळीतलं ताट

माझं आजोळ मुरबाड. तिथे आजही रेल्वे नाही. एसटीने कल्याणला यायचं आणि तिथून गाडी पकडायची. माझा मामा ऐंशीच्या दशकात असाच नोकरी शोधायला मुंबईला गेला. त्या पहिल्या दिवसाच्या दोन गोष्टी तो प्रत्येक लग्नात सांगतो. पहिली, दादरला त्याने एकाला पत्ता विचारला, तर तो माणूस थांबलाच नाही. चालता चालता नुसता हात वर करून दिशा दाखवली आणि गर्दीत गेला. मामाच्या मते, गावात कुणी कुत्र्यालाही असं हाकलत नाही. दुसरी गोष्ट त्याच रात्रीची. खानावळीतल्या बाईंनी ताट वाढलं, मामाने खिसा चाचपला, पैसे कमी पडत होते. बाई म्हणाल्या, "जेव. पगार झाला की दे." ना ओळख, ना पाळख.

दोन्ही गोष्टी एकाच दिवसाच्या, एकाच शहरातल्या. मामाला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही की मुंबईची माणसं चांगली की वाईट. इतिहास चाळला तर लक्षात येतं, हे ठरवणं कुणालाच जमलेलं नाही.

आधी कल्याण

मुंबई शहर म्हणून उभी राहिली, त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडचं मोठं बंदर होतं कल्याण. घाटावरचा माल जुन्नरहून नाणेघाट उतरायचा, आजच्या मुरबाड तालुक्यातून जायचा आणि खाडीवर पोचायचा. नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे, दगडी रांजण आहे. त्या रांजणात जकात गोळा व्हायची असं लोक सांगतात. म्हणजे आम्ही मुरबाड-शहापूरवाले दोन हजार वर्षं बंदराच्या रस्त्यावर बसलोय.

पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची मार्गदर्शिका लिहिली, 'पेरिप्लस'. लेखकाचं नाव कुणाला माहीत नाही. त्यात कल्याणचा उल्लेख 'कल्लिएना' असा येतो. तो सांगतो की पूर्वी इथे रीतसर व्यापार चालायचा. मग राजवट बदलली आणि आता चुकून ग्रीक जहाज इथे लागलं तर पहारा लावून त्याला भडोचला नेतात. आजच्या भाषेत, कल्याणला एक स्टार रिव्ह्यू!

यात एक गंमत आहे. त्या बिचाऱ्या खलाशाला भेटले असणार ते पहारेकरी. बंदरावरचे हमाल, पाणी भरणारे, घाट उतरून आलेले बैलवाले त्याला भेटलेच नसतील. नवख्या माणसाला शहर भेटतं ते दारात उभ्या असलेल्या माणसाच्या रूपाने. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दोन पावसाळे

आता थेट मुंबईत येऊ. १६८९ साली जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री मुंबईत आला. त्याचं प्रवासाचं पुस्तक १६९६ साली छापलं गेलं. तेव्हाची मुंबई म्हणजे दलदल, ताप आणि मृत्यू. नव्याने आलेल्या माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी तिथे म्हणच पडली होती, असं तो सांगतो. पण तो एकट्या हवेला दोष देत नाही. तिथल्या इंग्रजांची चैन आणि बेताल वागणं यांनाही तो तितकंच जबाबदार धरतो.

पुढे १८०९ साली मारिया ग्रॅहम आली. वय तेविशीचं, म्हणजे आपल्यातल्या अनेकांपेक्षा लहान. १८१२ साली तिची रोजनिशी प्रसिद्ध झाली. मुंबईतल्या इंग्रजांच्या मेजवान्या तिला भयंकर कंटाळवाण्या वाटल्या. तिथल्या गोऱ्या बायकांवर तर तिने चांगलेच ताशेरे ओढलेत. उलट पारशी आणि हिंदू घरांमध्ये ती कुतूहलाने गेली, तिथल्या विद्वानांशी बोलली.

मग जानेवारी १८९६ मध्ये मार्क ट्वेन. शहराच्या रंगांनी तो हरखून गेला. पण हॉटेलात त्याने एक प्रसंग पाहिला. एका धिप्पाड जर्मन माणसाने तिथल्या भारतीय नोकराच्या थोबाडीत दिली. काय चुकलं हे आधी सांगितलंही नाही. नोकराने ते मुकाट्याने सोसलं. ट्वेनला एकदम त्याचं अमेरिकेतलं लहानपण आठवलं, गुलामांना असंच मारलं जायचं ते. पुढच्या वर्षी आलेल्या पुस्तकात त्याने हे लिहून ठेवलंय. मुंबईचा नोकर गरीब स्वभावाचा, असं एखाद्याने लिहून सोडून दिलं असतं. ट्वेनला मात्र दिसलं की तो स्वभाव नाही, ती परिस्थिती आहे.

मग खरा मुंबईकर कोण?

'मुंबईचं वर्णन' हे मुंबईवरचं मराठीतलं पहिलं सविस्तर पुस्तक १८६३ साली आलं. लेखक गोविंद नारायण माडगांवकर. आडनावावरून ओळखलंच असेल, माणूस मूळचा गोव्यातल्या मडगावचा. लहान वयात मुंबईत आला, इथेच शिकला आणि शिकवायला लागला. म्हणजे मुंबईकरांबद्दल मराठीत पहिल्यांदा भरभरून लिहिणारा माणूसही बाहेरूनच आलेला.

कोळी, भंडारी, पाठारे प्रभू ही बेटांवरची जुनी मंडळी. पण गिरण्या आल्या, रेल्वे आली आणि गणित पालटलं. आपल्या भागाचंच बघा. १८५३ साली गाडी ठाण्यापर्यंत आली, १८५५ मध्ये वासिंद, १८६० मध्ये आसनगाव आणि १८६१ मध्ये कसारा. १८६५ साली थळघाट ओलांडून ती इगतपुरीला गेली. रुळांवरून माल गेला, त्यामागून माणसं गेली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या दर १०० माणसांमागे सुमारे ८४ जण शहराबाहेर जन्मलेले होते. शंभरातले चौऱ्याऐंशी! त्या वर्षी कुणी नवखा बोरीबंदरला उतरून म्हणाला असेल, 'मुंबईची माणसं फार तुसडी', तर बहुतेक वेळा तो रत्नागिरीच्या, साताऱ्याच्या किंवा पुण्याकडच्या माणसाबद्दल बोलत होता. त्याच्या काही वर्षं आधी आलेल्या माणसाबद्दल.

आणखी एक जोडी बघा. पठ्ठे बापूराव आणि अण्णा भाऊ साठे. एक रेठरे हरणाक्षचे, दुसरे वाटेगावचे. दोन्ही गावं आजच्या सांगली जिल्ह्यातल्या एकाच वाळवा तालुक्यातली. दोघांनीही मुंबईवर लावणी लिहिली. बापूरावांची मुंबई झगमगती, नवलाची. अण्णा भाऊ लहानपणी वडिलांबरोबर चालत मुंबईला आलेले, गिरणगावात राहिलेले. त्यांच्या लावणीत एकीकडे टेकडीवरचे बंगले आहेत आणि दुसरीकडे घामाने भिजलेल्या वस्त्या. तालुका एक, शहर एक, पण कुणाला कोणत्या दाराने आत घेतलं त्यावर चित्र बदललं.

उद्धट, पण पाकीट परत देणारे

आता तुम्ही म्हणाल, हा झाला इतिहास, आजचं काय? २००६ साली 'रीडर्स डायजेस्ट' मासिकाने जगातल्या ३५ शहरांत सौजन्याची परीक्षा घेतली. मागच्या माणसासाठी दार धरून ठेवता का, कुणाचे कागद पडले तर उचलून देता का, दुकानदार धन्यवाद म्हणतो का. मुंबई चक्क शेवटची! जिथे तेव्हा लोकलचं दार कधी बंदच व्हायचं नाही, तिथे दार कोण कुणासाठी धरणार हा प्रश्न वेगळा.

पण त्याच मासिकाने २०१३ साली १६ शहरांत पाकिटं मुद्दाम हरवली. प्रत्येक शहरात १२. हेलसिंकीत ११ परत आली आणि दुसऱ्या नंबरवर मुंबई. १२ पैकी ९.

म्हणजे काय? मला वाटतं, सौजन्याला वेळ लागतो आणि मुंबईच्या माणसाकडे नेमका तोच नसतो. स्टेशनवर गाडी थांबते अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात सगळेच उद्धट दिसतात. पाकीट मात्र घरी नेऊन, रात्री शांतपणे फोन करून परत देता येतं. मामाचा दादरवाला माणूस थांबला नाही, पण त्याने दाखवलेली दिशा बरोबर होती, हेही मामाच सांगतो. फक्त ते जरा हळू आवाजात सांगतो.

गाडी उलटी फिरते तेव्हा

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग निघाला. शहराची वस्ती सव्वाआठ लाखांच्या वर होती. पुढच्या काही महिन्यांत त्यातली निम्म्याच्या आसपास माणसं शहर सोडून गेली. कल्याणसारख्या स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून तपासलं जाऊ लागलं. कालपर्यंत मनिऑर्डर पाठवणारा 'मुंबईवाला' आता रोग घेऊन येणारा झाला.

हे वाचताना मला २०२० आठवलं. वर्क फ्रॉम होम होतं, मी शहापूरला घरी. आमच्याकडच्या एका गावाने रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. मामा मुंबईहून आला तर त्याला १४ दिवस शाळेच्या खोलीत ठेवलं. मी लांबून डबा ठेवायला जायचो. तो म्हणाला, "तिकडे मी गाववाला, इकडे मुंबईवाला. माझं नक्की गाव कुठलं रे?" आणि हायवेवरून रात्रंदिवस माणसं कसाऱ्याच्या दिशेने चालत होती. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. तेव्हा आम्हीच दारात उभे होतो. काही घरांनी पाण्याचे माठ बाहेर ठेवले. काहींनी दारं लावून घेतली. त्या माणसांनी आपापल्या गावी जाऊन शहापूरच्या लोकांबद्दल काय सांगितलं असेल? ज्याला माठ दिसला त्याने एक, ज्याला बंद दार दिसलं त्याने दुसरं.

आणि आम्ही?

ऑफिसात मी शहापूरचा म्हटलं की समोरचा म्हणतो, "अरे वा, धबधबे ना!" बस, तेवढंच. तानसा धरण १८९२ चं. भातसाही आमच्याच तालुक्यात. मुंबईच्या रोजच्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचं. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. मुंबईची माणसं कशी, यावर आमच्याकडे लहान पोरालाही मत आहे. पण शहापूर-मुरबाडची माणसं कशी, यावर मुंबईकराला मत बनवायचीच वेळ येत नाही. तो शनिवारी येतो, भिजतो, वडापाव खातो, जातो. याचा राग येतो, खरंच येतो. पण मग ती करवंदांची पाटी आठवते. कारण त्या मावशींसाठी दारातला माणूस मी होतो. आणि मी तर त्यांच्याच तालुक्यातला!

ओव्हिंग्टनच्या काळी माणूस दोन पावसाळ्यांत मरायचा. आता दोन पावसाळ्यांत तो मुंबईकर होतो. नोकरी लागून माझे तेवढेच झाले होते. "सरका", "आत चला", "उतरायचं नाही तर दारात कशाला" हे मला कुणी शिकवलं नाही. रोज अंगावर येऊन येऊन ते अंगात गेलं.

त्या मावशी पुन्हा दिसल्या जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. या वेळी पाटीत जांभळं होती. मी आत सरकून जागा केली. त्यांनी मला ओळखलंही नाही. दहा रुपयांची जांभळं घेतली, त्यांनी वर मूठभर जास्त टाकली आणि कल्याणला उतरताना एकाला जोरात ढकलून गेल्या. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काय माणसं आहेत यार ही!"

तर मंडळी, तुमचा प्रश्न. तुम्ही पहिल्यांदा मुंबईत, पुण्यात, कुठल्याही मोठ्या शहरात उतरलात तेव्हा दारात कोण भेटलं होतं? आणि आज तुम्ही कुणाच्या दारात उभे आहात? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवेन. तोवर सांभाळून प्रवास करा आणि जमलं तर थोडं सरका.