गिअरचा आवाज : दोष चालकाचा की गाडीचा?

पुण्याच्या वाहन-इतिहासात कारखान्यांची नोंद भरपूर आहे. आवाजावरून गाडीचे दुखणे ओळखणाऱ्या मिस्त्रींच्या विद्येची मात्र फारशी नाही. तिचा माग काढताना मला दिसले, की गिअर बदलताना होणाऱ्या आवाजाचा अर्थ काळानुसार बदलला आणि त्याबरोबर दोषाचा धनीही बदलला.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. त्या काळच्या अवजड गाड्यांत वेग जुळवण्याचे काम चालकालाच करावे लागे. तो जुळला नाही, की दाते खरखरत. म्हणून डबल क्लच : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. कात्रजचा किंवा खंडाळ्याचा घाट उतरताना हा मेळ चुकला, तर गाडी न्यूट्रलमध्येच राही, इंजिनाचा अटकाव सुटे आणि सारा भार ब्रेकवर येई. खरखर ऐकू आली, की बोट चालकाकडे जाई, ते यामुळे.

१९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत सिंक्रोमेश आले. दाते अडकण्याआधी घर्षणाने दोन्ही भागांचा वेग जुळवण्याचे काम आता यंत्राकडे गेले. ही रचना रुळली, तशी खरखर झिजलेल्या रिंगकडे किंवा पूर्ण न सुटणाऱ्या क्लचकडे बोट दाखवू लागली. तरी 'चालकाने गिअर नीट टाकला नाही' हे जुने वाक्य पुष्कळ दिवस टिकले.

जाणता मिस्त्री 'आवाज कसा?' यापेक्षा 'आवाज केव्हा?' हे आधी विचारतो. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू : क्लच दाबताच घरघर सुरू झाली, तर संशय रिलीज बेअरिंगवर, दाबताच थांबली, तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल, तर त्या गिअरचे दाते किंवा बेअरिंग पाहावे. गिअर टाकून क्लच सोडताना 'टक्' असा ठोका बसला, तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, स्प्लाइन किंवा क्राउन-पिनियन यांतला प्ले तपासावा. रेस देताना एक सूर आणि सोडताना दुसरा, असे असेल तर शोध मागच्या डिफरन्शियलपर्यंत न्यावा लागतो.

या क्रमाला महत्त्व आहे. झिजलेल्या क्रॉसचा ठोका 'गिअर टाकण्याची खोड' म्हणून सोडून दिला, तर एक दिवस चालत्या गाडीचा शाफ्टच निखळू शकतो. उलट, क्लच सुटत नसताना गिअरबॉक्स उघडला, तर मालकाचा खर्च फुकट जातो आणि खरखर तशीच राहते.

१९६६ मध्ये स्थापन झालेल्या 'एआरएआय' या वाहन संशोधन संस्थेत, वेताळ टेकडीवर, आज आवाज आणि कंप उपकरणांनी मोजले जातात. तिथला आलेख जपून ठेवला जातो. मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून काढलेला निष्कर्ष मात्र गाडी गॅरेजबाहेर पडताच हवेत विरतो. दापोडीच्या एसटी कार्यशाळेतील आणि नाना पेठेतील निवृत्त कारागिरांचे शब्द त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवले, तर पुण्याच्या यंत्र-इतिहासातील हे रिकामे पान भरता येईल.