डॉलरचें जन्मगांव

डॉलर हा शब्द साऱ्या जगाच्या तोंडीं आहे; त्याचें जन्मगांव मात्र थोड्यांसच ठाऊक असेल. चेक देशाच्या वायव्य सीमेवरील क्रुश्ने होरी डोंगरांतील एका अरुंद खोऱ्यांत तें वसलें आहे. त्याचें नांव याखिमॉव्ह. जर्मन लोक त्यास योआखिम्सताल म्हणत. शेतीस जागा नाहीं, हिवाळा कडक. माणसें आलीं तीं १५१६ सालीं सांपडलेल्या चांदीच्या मागें. श्लिक सरदारांनीं तेथें पाडलेल्या जाड नाण्यास गांवावरून 'तालर' म्हणूं लागले, आणि त्याचाच पुढें डॉलर झाला. १५३४ सालीं तेथील वस्ती अठरा हजारांच्या घरांत होती. आज ती तीन हजारही नाहीं.

चांदीची शीर संपत आली कीं डांबरासारखा काळा, जड दगड लागे. खाणकरी त्यास अपशकुनी समजून फेकून देत. एकोणिसाव्या शतकांत त्यापासून कांचेस पिवळा रंग देणारें युरेनियम काढूं लागले. उरलेला चोथा रानांत पडे. तोच चोथा मागवून, कित्येक टन उकळून, मेरी क्यूरीबाईंनीं १९०२ सालीं रेडियम क्षाराचा एक दशांश ग्रॅम हातीं आणला! चार वर्षांनीं खाणीच्या पाण्यावर स्नानगृहें उघडलीं.

परंतु याच खाणींनीं पिढ्यान्‌पिढ्या खाणकऱ्यांचीं फुप्फुसें पोखरलीं. १९४५ नंतर रशियास बाँबसाठीं युरेनियम हवें होतें; १९४९ पासून राजकीय कैद्यांना छावण्यांत कोंडून तें खणविण्यांत आलें. स्वोर्नोस्त खाणीलगत अशीच एक छावणी होती. छावण्या १९६१ पर्यंत उठल्या, युरेनियमचें खोदकाम १९६४ सालीं थांबलें. सांधे धरलेले रोगी आज ज्या पाण्यांत स्नान करतात, तें याच स्वोर्नोस्त खाणींतून वर येतें.